हित्तल, म्हणजे आपलं परसदार

कानडीत परसदाराला हित्तल म्हणतात. ‘हित्तल गिड मद्दल्ल’ अशी तिकडे एक म्हण आहे: परसातल्या झाडाचं औषध होत नाही. घरच्या वस्तूला घरची माणसं किंमत देत नाहीत, हा तिचा रोख. आपल्या ‘पिकतं तिथे विकत नाही’ची ती सख्खी बहीण. बंगळुरात राहायला आल्यावर पहिल्या वर्षी मीही हेच केलं. आमचं घर जुन्या लेआउटमधलं, चाळीस बाय साठच्या साइटवर. मागे दहा फूट रुंदीची मोकळी पट्टी, कुंपणाला लागून एक मोठं करंजाचं झाड. त्या पट्टीसाठी मी टेम्पोभर लाल माती विकत आणली, खताची पोती आणली, हिरवळीचे तयार तुकडे आणून अंथरले. एप्रिलमध्ये बोअरचं पाणी आटलं, हिरवळ पंधरा दिवसांत पिवळी पडली आणि वाळवीने तिच्या मुळांची भुकटी केली.

त्याच वर्षी आमच्या गेटमधून बाहेर काय गेलं, याचा हिशेब मी फार उशिरा मांडला. करंजाचा पाला पोत्यांनी गेला. स्वयंपाकघरातला ओला कचरा रोज सकाळी घंटागाडीत गेला. छपरावर पडलेलं पावसाचं सगळं पाणी पाइपातून रस्त्यावरच्या गटारात गेलं. म्हणजे खत आणि पाणी मी एका हाताने फेकत होते आणि दुसऱ्या हाताने तेच विकत घेत होते. या प्रकरणातली सगळी कामं त्या हिशेबातून निघाली आहेत. गेटबाहेर जाणारी एकेक वस्तू अडवायची आणि तिला परसात काम द्यायचं, एवढंच त्यांचं सूत्र. पैसे फार लागत नाहीत. लागतात ते शनिवार-रविवार.

सुरुवात पाण्यापासून करावी. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच, आणि मोठी नदी शहरातून वाहत नाही. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येतं आणि वाटेत ते जवळपास पाचशे मीटर वर चढवावं लागतं. इतक्या खर्चाने आलेलं पाणी आपण पाइप लावून जास्वंदीच्या बुडाशी सोडतो. २०२४च्या मार्चमध्ये टंचाई इतकी वाढली, की पिण्याचं पाणी बागेला घालायला आणि गाड्या धुवायला पाणीपुरवठा मंडळाने बंदी केली. मोडणाऱ्याला पाच हजारांचा दंड ठेवला. त्या उन्हाळ्यात ज्यांनी पावसाचं पाणी साठवलं होतं किंवा धुण्या-न्हाण्याचं पाणी झाडांकडे वळवलं होतं, त्यांची परसं टिकली.

आता पावसाचं गणित पाहा. शहरात वर्षाला सरासरी ९७ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे ९३ लिटर पाणी पडतं. दोनशे लिटरचं पिंप भरायला दोन-अडीच मिलिमीटर पुरतो, म्हणजे दहा मिनिटांची बरी सर. वर्षभराचं मोजलं तर त्याच गच्चीवर नव्वद हजार लिटर येतं. थोडं वाळून, थोडं उडून गेलं तरी सत्तर हजार कुठे जात नाही.

“दोनशे लिटरच्या पिंपाने काय होणार?” हा प्रश्न कोकणात किंवा कोल्हापुरात रास्त आहे. तिथला पाऊस बहुतेक चार महिन्यांत उरकतो. पिंप जूनमध्ये भरेल आणि ऑक्टोबरपर्यंत भरलेलंच राहील. बंगळूरच्या पावसाची चाल वेगळी. एप्रिल-मेमध्ये वळीव, मग नैर्ऋत्येचा मॉन्सून, सप्टेंबरात सगळ्यात जोराचा पाऊस, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. मधे मधे चार-आठ दिवसांची उघडीप. पिंप भरतं, रिकामं होतं, पुन्हा भरतं. वर्षात असं पन्नास वेळा झालं, तर त्या एका पिंपाने दहा हजार लिटर पाणी दिलं. छोट्या साठवणीला इतकं साजेसं हवामान मला तरी दुसरं माहीत नाही.

निळं प्लॅस्टिकचं पिंप भंगाराच्या दुकानात मिळतं. बंगळुरात त्या दुकानाला गुजरी म्हणतात. घेताना आत पूर्वी काय होतं ते विचारावं आणि झाकण उघडून वास घ्यावा. लोणचं, सरबत, खाद्यतेल असं काही असलेलं घ्यावं. रसायनाचा वास आला तर कितीही स्वस्त असलं तरी सोडावं. पिंपाच्या तळापासून चार बोटं वर भोक पाडून वॉशर लावून तोटी बसवावी. तळाशी गाळ साचतो, म्हणून तोटी थोडी वर. गच्चीवरून खाली येणारा पाइप पिंपाच्या उंचीवर कापून एल्बो लावावा. झाकणाला पाडलेल्या भोकावर डासांची जाळी दुहेरी ताणून बांधावी, तिच्यावर पाइपाचं तोंड. वरच्या कडेजवळ जास्तीचं पाणी जायला आणखी एक भोक आणि त्यालाही जाळी. हे वरचं भोक लोक विसरतात, मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी भिंतीवरून वाहतं आणि आतल्या खोलीत ओल येते. भरलेल्या पिंपाचं वजन दोनशे किलोहून जास्त होतं. त्याखाली विटांचा हलता ढीग नको, सपाट फरशी किंवा दगडाचा चौथरा हवा. वर्षाच्या पहिल्या सरीचं पाणी पिंपात घेऊ नये. त्यात महिन्यांची धूळ आणि कबुतरांची घाण असते. ते तसंच वाफ्यात सोडून द्यावं.

पिंपातून उतू जाणारं पाणीही गटारात घालवायचं नाही. घरापासून आठ-दहा फूट लांब, पाइपाच्या वाटेवर, दीड फूट खोल आणि चार-पाच फूट लांब असा पसरट खड्डा घ्यावा. तळाला विटांचे तुकडे, वर पालापाचोळा आणि माती, आणि त्यात कर्दळ व अळू. पाऊस पडताना तिथे घोटाभर पाणी उभं राहतं आणि काही तासांत जिरतं. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर खड्डा उथळ करावा किंवा जागा बदलावी, नाहीतर डास होतात. जमिनीत खोल जिरवणारी विहीर हवी असेल, तर ते स्वतः करायचं काम नाही. बंगळूरच्या आसपास मण्णु वड्डर समाजाची माणसं पिढ्यान् पिढ्या हे काम करतात. मण्णु म्हणजे माती. आपल्याकडचे माती वडार ते हेच. तीन फूट व्यासाच्या काँक्रीटच्या कड्या उतरवत ते वीस फुटांपर्यंत आडवजा विहीर खणतात. माती कुठे ढासळेल आणि कुठे थांबायचं, हे त्यांना हाताला कळतं. त्यांना बोलवावं आणि मागतील ते मोल द्यावं.

न्हाणीच्या पाण्याबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कोकणातल्या घरामागे न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला जायचं, त्यासाठी कुणी योजना आखली नव्हती. बंगळुरात वॉशिंग मशीनच्या पाइपाला जोड देऊन मी तेच केलं. येलक्की केळीचा एक मुनवा लावला, आता तिथे बेट झालं आहे. ब्लीच किंवा कपडे मऊ करणारं द्रव वापरलं, त्या दिवशीचं पाणी तिकडे सोडत नाही. आणि एक सावधगिरी: पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. मूळ पाणी बोअरचं असेल तर ते कुंड्यांना रोज घालू नये; मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. फरशी पुसायला ते उत्तम.

साठवलेलं पाणी वाया न घालवता द्यायची सगळ्यात सुंदर रीत म्हणजे पुरलेलं मडकं. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीच्या ग्रंथात तिचं वर्णन आहे, आणि तिला आजही कुठल्या सुट्या भागाची गरज नाही. पाच-सात लिटरचं, आतून-बाहेरून कसलाही लेप नसलेलं मातीचं मडकं घ्यायचं. बंगळुरात त्यासाठी कँटोन्मेंटजवळच्या पॉटरी टाउनमध्ये जावं. कुंभारांची घरं आणि चाकं शहराच्या मध्यात अजून आहेत. मडक्यात पाणी भरून दोन-तीन तास ठेवून बघावं. बाहेरून घाम आला तर ते आपल्या कामाचं. मग वाफ्याच्या मध्यावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, तोंडावर खापरी किंवा सपाट दगड ठेवायचा. मडक्यापासून वीतभर अंतरावर टोमॅटो, वांगं, दोडका असं लावायचं.

यातली युक्ती अशी, की पाणी किती द्यायचं हे माती ठरवते. भोवतालची माती कोरडी झाली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. ओली असली की ओढ थांबते. पाऊस पडला तर मडकं भरलेलंच राहतं. वरची माती कोरडी असल्यामुळे तणही कमी उगवतं. आमच्याकडे उन्हाळ्यात तीन दिवसांनी आणि थंडीत आठवड्याने भरावं लागतं. गावाला जाताना शेजाऱ्यांना चावी द्यायची गरज उरली नाही. एका हंगामानंतर उकरून पाहिलं, तर मडक्याला मुळांनी जाळीसारखं वेढलं होतं. बोअरच्या पाण्यातले क्षार मात्र छिद्रं बुजवतात. म्हणून मडक्यात शक्यतो पिंपातलं पावसाचंच पाणी घालावं आणि वर्षातून एकदा बाहेर काढून, काथ्याने घासून, उन्हात वाळवावं.

आता पाला. बंगळूरच्या पाल्याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांनी रस्त्यांची झाडं अशी निवडली, की एकाचा बहर संपता संपता दुसऱ्याचा सुरू व्हावा. पुढे १९८०च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्या हाताखाली शहरात सुमारे १५ लाख झाडं लागली. म्हणून इथे जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी टॅबेबुया, मार्चमध्ये निळा जॅकरांडा, मग गुलमोहर, पीतमोहर असा क्रम चालतो. पावसानंतर आपल्या ओळखीचं बूच सकाळी फुटपाथ पांढरा करतं. बहर पाहायला सगळे थांबतात. त्याच झाडांचा पाला कुणाच्या दारात पडला, की तो कचरा होतो आणि कोपऱ्यात पेटवला जातो. ते पाहून मला अजून वाईट वाटतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पान म्हणजे साठवलेलं ऊन आहे, हे शेतकऱ्यांच्या गळी उतरवायला आयुष्य घातलं. ते ऊन आपण जाळतो.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी दहा फूट घ्यावी, टोकं तारेने जोडावी. तीन फूट व्यासाचा, तीन फूट उंच पिंजरा उभा राहतो. तो भिंतीला लागून ठेवू नये. ओल धरते आणि विंचू-सापांना आडोसा होतो. त्यात वीतभर पाल्याचा थर, त्यावर शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडून मूठभर जुनं खत, पुन्हा पाला. बंगळुरात अजून गल्लीबोळांत गाई बांधलेल्या असतात, त्यामुळे शेण मिळवणं अवघड नाही. आठवड्याने पाणी शिंपडायचं, महिन्याने खालीवर करायचं. मुठीत दाबल्यावर पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी. पाणी ठिबकलं तर जास्त. ढीग झपाट्याने बसतो, गच्च भरलेला पिंजरा महिन्यात निम्मा होतो. भरत राहायचं. फेब्रुवारीत लावलेला ढीग पहिल्या मोठ्या पावसापर्यंत काळा, भुसभुशीत, रानासारख्या वासाचा होतो.

करंजाचा पाला यात राजा. करंज शेंगवर्गातला, त्याच्या पानात नत्र भरपूर, म्हणून कर्नाटकातले शेतकरी तो हिरवळीच्या खतासारखा शेतात घालत आले आहेत. कानडीत त्याला होंगे म्हणतात. पर्जन्यवृक्षाची बारीक पानंही लवकर कुजतात. नीलगिरी आणि आंब्याची जाड पानं मात्र रेंगाळतात, ती पायाखाली चुरून घालावी.

ओल्या कचऱ्याचं पात्र विकतही मिळतं. २००६मध्ये पूनम बीर कस्तुरी यांनी बंगळुरातच ‘डेली डंप’ सुरू करून मातीच्या भांड्यांचे सुरेख मनोरे घराघरांत नेले. ऐपत असेल तर घ्यावेत. नसेल तर रंगाच्या वीस लिटरच्या दोन बादल्या पुरतात. तापवलेल्या खिळ्याने बाजूला आणि तळाला भोकं पाडायची, खाली ताटली ठेवायची. रोजच्या भाजीच्या देठा-सालींवर तेवढाच किंवा दुप्पट सुका पाला घालायचा. वास येतो तो ओल जास्त झाली म्हणून. उपाय एकच, आणखी पाला. जाड राखी अळ्या दिसल्या तर घाबरून फेकू नये, त्या कचरा खाऊन काम लवकर उरकतात. एक बादली भरली की झाकून दीड महिना बाजूला, तोवर दुसरी. हे काम नुसतं आपल्या बागेपुरतं नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षं मंडूर गावाच्या वेशीवर ओतला गेला. गावकऱ्यांना आंदोलनं करावी लागली, तेव्हा २०१४च्या अखेरीस तो थांबला. आपल्या दोन बादल्यांतला कचरा दुसऱ्या कुणाच्या विहिरीत झिरपत नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

खत हातात आलं की मातीचं कोडं सुटतं. इथली केंपु मण्णु, म्हणजे लाल माती, लोहाने लाल झालेली. पाणी पडलं की वर कडक पापुद्रा धरणारी. ती वाईट नाही, भुकेली आहे. नव्या घरामागे तर तिच्यात सिमेंट आणि विटांचा राडारोडा मिसळलेला असतो. फूटभर खणून तो आधी वेचून काढावा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. वाफ्यावर दोन बोटं खत आणि चार बोटं पाला पसरला, तर दोन पावसाळ्यांत गांडुळं येतात. कुंडीसाठी माती, खत आणि नारळाचा भुसा समप्रमाणात. भुश्याच्या विटा इथे स्वस्त, कारण तुमकूर-तिपटूरचा नारळपट्टा शेजारीच आहे. रोपं लालबागेतल्या रोपवाटिकेत किंवा पलीकडे सिद्धापुरात बघावीत.

वेचताना निघालेले ग्रॅनाइटचे तुकडे टाकू नयेत. बंगळूर खडकावरच वसलं आहे. लालबागेतला तो प्रचंड खडक तीन अब्ज वर्षांचा. जुनी घरं पाडली जातात तिथे चप्पडी, म्हणजे पातळ शिळा, अनेकदा उचलून न्यायच्या बोलीवर मिळतात. दोन-तीन बोटं माती काढून, वाळू पसरून, पावलाच्या अंतरावर त्या बसवल्या की वाट झाली. सिमेंट नको. दोन शिळांच्या फटीतून पाणी खाली जायला हवं.

उरला मांडव. इमारतीच्या सेंटरिंगला वापरलेले सुरूचे वासे जुन्या मालाच्या वखारीत मिळतात. इथे त्यांना सर्वे म्हणतात. सात फूट उंचीचा मांडव हवा तर साडेआठ फुटी वासा घ्यावा आणि दीड फूट गाडावा. खड्ड्याच्या तळाला दगडाचा सपाट तुकडा ठेवावा आणि वाशाचं बूड विस्तवावर काळं होईतो भाजून घ्यावं, कारण वाळवी इथे फार. वर काथ्याची दोरी वीतभर अंतराने आडवी-उभी ओढावी.

एका कोपऱ्यात सीमे बदनेकाई लावावी, म्हणजे चायोटे. सीमे म्हणजे परदेशी, आणि फळ खरोखर मेक्सिकोकडचं. तमिळांनी मात्र त्याचं नाव ‘बेंगळूर कत्तरिक्काय’, बंगळुरी वांगं, असं ठेवलं. त्याचं बी वेगळं काढत नाहीत. बाजारातून आणलेलं एक फळ टोपलीत विसरावं. टोकाला कोंब फुटला की ते आडवं, अर्धं उघडं ठेवून पुरावं. एका फळाच्या किमतीत मांडव झाकतो. दुसऱ्या कोपऱ्यात चप्परदवरे. चप्पर म्हणजे मांडव, अवरे म्हणजे वाल-पावट्याच्या कुळातली शेंग. मांडवावरची ती चप्परदवरे. या वेलाला दिवस लहान झाल्याशिवाय फुलं येत नाहीत, म्हणून श्रावणाच्या सुमारास बी टोकावं. सप्टेंबरात नुसती पानं पाहून निराश होऊन उपटू नये. याच दिवसांत मोठ्या आफ्रिकी गोगलगायी रात्री कोवळे शेंडे खातात. संध्याकाळी ओलं गोणपाट टाकून त्याखाली पपईची साल ठेवावी, सकाळी हातमोजे घालून त्या वेचाव्यात. मीठ टाकू नये, माती बिघडते.

डिसेंबरात मांडवाखाली उभं राहिलं की जांभळ्या तुऱ्यांवर भुंगे घुमत असतात. आमच्या शेजारच्या अज्जी तेव्हा भिंतीपलीकडून टोपली देतात आणि मी ती भरून परत करते. पहिल्या वर्षी मी सगळ्याच शेंगा तोडायला निघाले होते. अज्जींनी थांबवलं. वेलाच्या मधल्या भागातल्या चार भरदार शेंगांना त्यांनी लाल दोरा बांधायला लावला आणि त्या वेलावरच वाळू द्यायला सांगितल्या. आता ते बी राखेत घोळून काचेच्या बरणीत असतं, आणि दर श्रावणात त्यातल्या मूठभर बिया भिंतीपलीकडे जातात.